सासूबाईंच्या लग्नाची बिअर

आमच्या सासूबाईंनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा लग्न करायचं ठरवलं, यात मला वावगं काहीच वाटलं नाही. पण त्याच दमात त्या जे दुसरं वाक्य बोलल्या, त्याने माझी झोप उडाली. रविवारचं जेवण चाललं होतं. निखाऱ्यावरच्या फासळ्या नुकत्याच ताटात पडल्या होत्या. सासूबाईंनी काटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी आणि उबाल्दो लग्न करतोय. दुपारी क्लबात जेवण. बिअर अन्सेल्मो करेल."

अन्सेल्मो म्हणजे मी. व्यवसायाने माध्यमिक शाळेत भूगोलाचा शिक्षक, आणि हौसेने घरी बिअर करणारा.

माझी बायको रोसाना उठून आईच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. तिचा धाकटा भाऊ नोर्बेर्तो मात्र फासळी हातात धरून तसाच बसला. हा अठ्ठेचाळीस वर्षांचा, बँकेत नोकरीला, बिनलग्नाचा, आणि आईपाशीच राहणारा. लग्नाबद्दल तो काही बोलेल असं वाटलं. तो सावकाश माझ्याकडे वळला.

"दाजींची बिअर? आई, पाहुण्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

टेबलावर हशा पिकला. मीही हसलो, कारण अशा वेळी न हसणारा माणूस जास्त लागलेला दिसतो. पण मला लागलं होतं. गेल्या नाताळातल्या माझ्या बिअरला केळ्याचा आणि नेलपॉलिशचा वास येत होता, हे मी नाकारत नाही. पण तेव्हा याच नोर्बेर्तोने पहिला घोट घेऊन रोसानाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ताई, तू नखं याच ग्लासात बुडवतेस का?" आणि हे सांता फे गावात! इथली माणसं एक वेळ चर्चला उशिरा जातील, पण लिसोच्या, म्हणजे इथल्या सरळ, छोट्या बिअरच्या ग्लासावर फेस दोन बोटं आहे की दीड, हे पाहिल्याशिवाय ग्लास ओठाला लावणार नाहीत. अशा गावात घरची बिअर पाजणं म्हणजे हलवायाच्या घरी स्वतःच्या हातचे लाडू घेऊन जाण्यासारखं आहे.

"करीन," मी म्हणालो. "चाळीस लिटर करीन. आणि तू दोन ग्लास मागून घेशील."

माणसाने रागात आकडे बोलू नयेत.

आता त्या केळ्याच्या वासाचं कारण सांगतो. बिअर मी करत नाही, यीस्ट करतं. मी फक्त त्याची सरबराई करतो. अठरा अंशांवर यीस्ट एखाद्या सभ्य कारकुनासारखं मान खाली घालून काम करतं. तीस अंशांवर त्याच्या अंगात येतं. आणि पृथ्वीच्या या दक्षिण अर्ध्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, सावलीत चाळीस अंश. मग मी भंगारवाल्याकडून एक फ्रिज आणला. गोल खांद्यांचा, दार बंद करताना मोटारीसारखा आवाज करणारा, माझ्याहून वयाने मोठा. त्याला दोनच गोष्टी येत होत्या : बंद पडणं, नाहीतर चार अंशांवर जाणं. चार अंशांवर यीस्ट पांघरूण घेऊन झोपतं. मला हवा होता मधला मार्ग, आणि मधला मार्ग दाखवायला लागतो तापमानाचा कंट्रोलर. गरम झालं की फ्रिज चालू करणारा, गार झालं की आतला दिवा पेटवून ऊब देणारा.

तयार कंट्रोलर मार्चशिवाय मिळणार नाही, असं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने सांगितलं. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. इथे शिक्षकाला सगळे 'प्रोफे' म्हणतात. "अहो प्रोफे, त्यात काय आहे! एक सर्किटची पट्टी, एक सेन्सर, दोन रिले. घरी बसून जोडा. तीन तासांचं काम."

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तीन तासांपैकी पहिले सात दिवस डबा शोधण्यात गेले. वायरिंग उघडं ठेवायचं नाही हे मला कळत होतं. शेवटी स्वयंपाकघरात एक प्लास्टिकचा डबा सापडला, अगदी मापाचा, घट्ट झाकणाचा. त्याला मी सुरीने चार भोकं पाडली. पाचवं पाडताना रोसाना आली.

"तो माझा मिलानेसांचा डबा आहे."

"होता," मी म्हणालो.

त्यानंतर दोन दिवस घरात मिलानेसा, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेले मांसाचे काप, झाले नाहीत आणि फारसं बोलणंही झालं नाही.

डाख द्यायला मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन अतिल्योंना बोलावलं; 'दोन' हा आमच्याकडे 'राव'सारखा मान, माणूस एकच. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. हातात माते नावाच्या इथल्या कडवट चहाचा तुंबा, तोंडात त्याची नळी, काखेत गरम पाण्याचा थर्मास, अशा थाटात आले आणि खुर्ची ओढून बसले. मी डाख देत होतो आणि ते सल्ला देत होते.

"न्यूट्रलवर कधी विश्वास ठेवू नका, प्रोफे. फेज उघड शत्रू असतो. न्यूट्रल नातेवाइकासारखा."

"ही तांबडी वायर कुठे लावू?"

"तांबडी? आमच्या वेळी सगळ्या काळ्याच असायच्या. माणूस डोक्याने ओळखायचा." त्यांनी नळीने एक घोट ओढला. "तुमचा डाख हलतोय."

"माझा हात हलतोय."

"मग कॉफी सोडा."

आम्ही सगळं जोडलं. फ्रिज आमच्या मागच्या धुण्याच्या जागेत होता, वॉशिंग मशीनच्या शेजारी. प्रयोगासाठी आत पाण्याची बादली ठेवली, सेन्सर त्यात सोडला, आकडा अठरावर लावला आणि प्लग घातला. डब्याच्या झाकणातून तांबडे आकडे दिसले : चोवीस. मला भरून आलं. कॉलेजात असताना कविता छापून आली होती, त्यानंतर इतका आनंद मला झाला नव्हता.

पंचवीस. सव्वीस.

"सुरुवातीला चढतं," दोन अतिल्यो म्हणाले.

एकोणतीस.

मी फ्रिजसमोर स्टूल टाकून बसलो. दुपारची वेळ. अख्खं गाव पडदे ओढून झोपलेलं, आणि मी घामाने निथळत एका फ्रिजकडे टक लावून बसलो होतो. मधूनच उठायचो, गॅलरीत जायचो, परत यायचो. तेहतीस झाले. छत्तीस झाले. रोसाना झोपेतून उठून आली, तिने दार उघडून आत हात घातला आणि म्हणाली, "अन्सेल्मो, आत दिवा लागलाय. तू फ्रिज बनवलास की अंडी उबवायची पेटी?"

गरम आणि गार या दोन वायरी आम्ही उलट्या लावल्या होत्या. गरम झालं की आमचा कंट्रोलर आणखी गरम करत होता. दोन अतिल्यो शांतपणे उठले, तुंबा उचलला आणि म्हणाले, "न्यूट्रल. मी सांगितलं होतं."

वायरी बदलल्या. जानेवारीच्या दोन तारखेला मी चाळीस लिटर बिअर शिजवली, गार केली, यीस्ट घातलं आणि वीस-वीस लिटरची दोन पिंपं फ्रिजमध्ये सरकवली. सेन्सर आत लोंबकळत सोडला. आकडा आला अठरा. मी रोसानाला म्हणालो, "आता मला कशाचीही काळजी नाही."

त्या दिवसापासून मला झोप लागली नाही. मी दर दहा मिनिटांनी उठून आकडा पाहायचो. अठरा पॉइंट एक. अठरा. सतरा पॉइंट नऊ. आकडा सतरा पॉइंट नऊ असला की उगाच अपराधी वाटायचं. शिवाय सेन्सर हवेत लोंबकळत असल्यामुळे फ्रिज दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद होत होता. वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचा आवाज यायचा : टक. मग टक. मग टक. मला तो आवाज संगीतासारखा वाटत होता.

खालच्या मजल्यावर इवाना बाई राहतात. मानसोपचारतज्ज्ञ. आमच्या धुण्याच्या जागेच्या बरोबर खाली त्यांचा पेशंटचा कोच आहे. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहिल्या. अतिशय हळू आवाजात बोलल्या. मोठ्याने भांडणाऱ्या माणसापेक्षा असं बोलणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

"प्रोफे, तुमच्याकडून टक असा आवाज येतो. माझ्या एका पेशंटला वाटतं, ते मीच पेनने करते, त्याची वेळ संपली म्हणून. आज तो वडिलांबद्दल बोलायला लागला होता. टक झालं. तो उठून गेला."

"माफ करा. मी बंदोबस्त करतो."

"तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?"

"मला? मला काय होणार?"

"तुमचा पाय हलतोय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सेन्सर मी पिंपाला चिकटपट्टीने चिकटवला, वर स्पंजाचा तुकडा लावला, आणि फ्रिज पाच-पाच मिनिटं थांबून चालू होईल अशी वेळ लावली. टक-टक थांबली. पण इतका वेळ थांबल्यावर ते म्हातारं मशीन जेव्हा सुरू व्हायचं, तेव्हा धडपडत उठायचं, आणि उठताना घरातले दिवे एकदा मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता ते असंच उठलं आणि इमारतीची लिफ्ट बंद पडली.

लिफ्टमध्ये नोटरी लाम्बेर्ती होते. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. हा माणूस जिन्यावरचा बल्ब बदलायचा असला तरी तीन प्रतींत अर्ज मागतो. त्यांच्या हातात एक किलो आईस्क्रीमचा डबा होता. बाहेर एकोणचाळीस अंश. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. दाराच्या फटीतून त्यांचे बूट आणि आईस्क्रीमच्या डब्याचा तळ तेवढा दिसत होता.

"काय झालं? कोणी केलं?" आतून आवाज आला.

मी फटीखाली उभा राहून मान वर केली. "साहेब, थोडा विजेचा घोटाळा झालाय. येईलच एवढ्यात."

"प्रोफे, तुमच्या घरी काहीतरी मशीन चालू आहे असं माझ्या कानावर आलंय."

मला जिना चढून धुण्याच्या जागेत जायचं होतं. तिथे फ्रिज बंद पडला होता, तिसरा दिवस होता, यीस्ट ऐन जोरात होतं. इथे अध्यक्ष अडकले होते. माणूस म्हणून मी अध्यक्षांजवळ थांबलो. पण माझं मन फ्रिजपाशी होतं आणि माझे पाय जिन्याच्या दोन पायऱ्यांवर खालीवर करत होते. तळमजल्यावर दोन अतिल्यो मीटरच्या कपाटात डोकं घालून काहीतरी पुटपुटत होते. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात आईस्क्रीम फटीतून ठिबकायला लागलं, आणि साहेबांनी आतूनच बाहेर येऊन उभ्या राहिलेल्या आपल्या बायकोला तक्रारीचा मजकूर सांगायला सुरुवात केली. "निवासी इमारतीत... लिही... अनधिकृत औद्योगिक प्रकल्प..."

"दारूचा लिहू?" बाईंनी विचारलं.

"दारूचा. आणि खाली दुल्से दे लेचे आईस्क्रीमचा डाग पडलाय, तो पुरावा म्हणून पुसू नकोस."

शेवटी लिफ्ट हलली. साहेब बाहेर आले, शर्टावर दुधाच्या मिठाईचे ओघळ, चेहऱ्यावर कायदा. "अठ्ठेचाळीस तास. परवानाधारक वायरमनचा सही-शिक्क्याचा दाखला आणा, नाहीतर प्लग काढा."

सही-शिक्का म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनांच्या संघटनेच्या कचेरीत गेलो. खिडकीमागे एक मुलगी पंख्यासमोर बसून नखं रंगवत होती. तो वास आला आणि मला नोर्बेर्तो आठवला.

"मला एक दाखला हवाय. तातडीचा."

"फेब्रुवारी."

"उद्यापर्यंत हवाय."

"साहेब, जानेवारी आहे. सगळे समुद्रावर गेलेत. अध्यक्ष समुद्रावर, सचिव समुद्रावर, शिक्का कपाटात, आणि कपाटाची किल्ली समुद्रावर."

"मग तुम्ही इथे का बसला आहात?"

तिने ब्रश थांबवून माझ्याकडे पाहिलं. "लोकांना फेब्रुवारी सांगायला."

दोन अतिल्योंचा स्वतःचा परवाना नऊ वर्षांपूर्वी संपला होता. पण त्यांना लिफ्ट का बंद पडली हे कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं. मी कचेरीतून येईपर्यंत त्यांनी भिंतीतल्या वायरींचा माग काढला होता, आणि ते विजयी सेनापतीसारखे जिन्यात उभे होते. "प्रोफे, तुमची चूक नाहीच! ज्याने ही इमारत बांधली त्याने धुण्याच्या जागांचे सगळे प्लग लिफ्टच्या लाइनवर टाकलेत. तुमचाही, माझाही, साहेबांचाही. सगळ्यांची वॉशिंग मशिनं लिफ्टच्या जिवावर चालतात. चाळीस वर्षं!"

मला वाटलं, झालं, सुटलो. संध्याकाळी सभेत मी हे सगळ्यांसमोर मांडलं, जरा मान ताठ करूनच. मला वाटलं, लोक दोन अतिल्योंना खांद्यावर घेतील.

प्रत्येक जण आपल्या वॉशिंग मशीनचा विचार करत होता. लाम्बेर्ती साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "वायरमन आला, तर तो हे सगळं बघणार."

"बघेल तर. आणि लिहीलही," दोन अतिल्यो म्हणाले.

"मग वायरमनची गरज नाही," साहेब म्हणाले.

"मुळीच नाही," पहिल्या मजल्याने री ओढली.

"दाखल्याचीही नाही," दुसरा मजला म्हणाला.

"फ्रिज मात्र उद्या दुपारी बारापर्यंत इमारतीबाहेर जाईल. कोणाचा विरोध?" साहेबांनी विचारलं.

इवाना बाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, आवाज बंद झाल्यापासून त्यांचा तो पेशंट परत आलाय आणि टक कुठे गेलं म्हणून विचारतोय. त्याची नोंद झाली नाही. ठराव मंजूर झाला. आमच्या सोसायटीत कुठलाही ठराव एकमताने होताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

घरी आलो आणि येरझाऱ्या घालायला लागलो. फ्रिज न्यायचा कुठे? शाळा बंद. मित्र समुद्रावर. पुरेशी जागा, नवीन वायरिंग आणि वर पिकअप गाडी असलेला माझ्या ओळखीचा एकच माणूस सांता फेमध्ये शिल्लक होता. रोसानाने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः दुसऱ्या खोलीत गेली. माझा अपमान बघायला नको म्हणून. बायको चांगली आहे माझी.

"नोर्बेर्तो, जरा काम होतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग तो म्हणाला, "दाजी, हे वाक्य पुन्हा एकदा म्हणा. मला नीट ऐकू आलं नाही."

मी पुन्हा म्हटलं.

सहा जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी, आम्ही तो फ्रिज चौथ्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरवला. लिफ्ट वापरायला साहेबांनी मनाई केली होती. मी खाली, नोर्बेर्तो वर. पिंपं आधी उतरवून गाडीत ठेवली होती, ओल्या चादरीत गुंडाळून. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं आणि एक सल्ला बाहेर यायचा. "तिरका करा!" "तिरका नका करू, तेल चढेल!" "आधी दार काढायचं!" तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा आणि फ्रिज यांच्यामध्ये सापडलो. लाम्बेर्ती साहेब वरून पाहत होते. म्हणाले, "भिंतीचा रंग खरवडला तर लेखी कळवा."

नोर्बेर्तोच्या गॅरेजमध्ये, म्हणजे सासूबाईंच्या घराच्या गॅरेजमध्ये, फ्रिज लागला. प्लग घातला. डबा पेटला : बावीस.

"हे काय?" नोर्बेर्तोने विचारलं.

"बावीस आहे. अठरा पाहिजे."

"नाही झालं तर?"

"केळी आणि नेलपॉलिश."

त्याने तोंड वाकडं केलं. मी निघालो. संध्याकाळी सात वाजता फोन वाजला.

"अठरा पॉइंट तीन," नोर्बेर्तो म्हणाला. "काय करू?"

"काही नको. ते आपोआप करतं."

साडेसातला पुन्हा फोन. "अठरा पॉइंट पाच. दाजी, वर चाललंय."

"नोर्बेर्तो, झोप."

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो, तर गॅरेजमध्ये फ्रिजसमोर आरामखुर्ची होती. शेजारी स्टूल, स्टुलावर वही, वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे बँकेच्या अक्षरात लिहिलेले. मी फ्रिजचं दार उघडायला हात पुढे केला, तर त्याने माझं मनगट धरलं. "उघडू नका. गारवा जातो."

"बिअर माझी आहे."

"गॅरेज माझं आहे." त्याची बँकेतून पंधरा दिवसांची रजा सुरू झाली होती. दर वर्षी तो समुद्रावर जायचा. या वर्षी गेला नव्हता. "इतक्या गर्दीत कोण जाणार," एवढंच म्हणाला आणि वहीत आकडा लिहिला.

आठ तारखेला सकाळी दहा वाजता अख्ख्या भागाची वीज गेली. मी शाळेच्या हवामानपेटीतून सुट्टीत घरी आणलेला थर्मामीटर खिशात टाकला आणि सायकल हाणत गॅरेजमध्ये पोहोचलो. तोवर नोर्बेर्तोने वीस किलो बर्फ आणून ठेवला होता. आम्ही बर्फ बाटल्यांत भरायचा, बाटल्या दोन पिंपांच्या मधल्या फटीत ठेवायच्या, थर्मामीटर बघायचा, एक बाटली काढायची, दुसरी घालायची. जे काम तो डबा करत होता, ते दोन प्रौढ माणसं आठ तास घामाघूम होऊन करत होती. मी गार म्हणायचो, तो गरम म्हणायचा. त्याने एकदा मला "रिले" म्हणून हाक मारली.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही दोघे फ्रिजच्या उघड्या दारात, दोन पिंपांना पाठ लावून खाली बसलो. जरा थंड वाटत होतं. पिंपांच्या झाकणांतून यीस्टचे बुडबुडे येत होते. त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, "काल उबाल्दो आला होता इथे."

"मग?"

"या खुर्चीत बसला. टोपी हातात. म्हणाला, आईला रजिस्टर ऑफिसात हाताला धरून तू आणावंस असं तिला वाटतं. ती स्वतः विचारणार नाही, म्हणून मी आलोय."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, अठरा पॉइंट दोन."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून मी ते गिळलं. तो बोटाने फरशीवर रेघा ओढत होता.

"चांगला माणूस आहे तो," नोर्बेर्तो म्हणाला. "घड्याळं दुरुस्त करायचा. वाईट काही सापडत नाही त्याच्यात. मी शोधलं, दाजी. एवढे दिवस शोधलं. शेवटी तुमची बिअर सापडली." मग आणखी एक रेघ ओढून म्हणाला, "लग्नानंतर ती त्याच्याकडे राहायला जाणार. सकाळी माते कोणाबरोबर पिऊ मी?"

मी थर्मामीटर उचलला. "एकोणीस."

"एकोणीस?" तो ताडकन उठला. "बाटली द्या इकडे!"

वीज संध्याकाळी सहाला आली. डब्यात अठरा पॉइंट सहा दिसले आणि आम्ही दोघांनी एकमेकांना मिठी मारली. हे रोसानाने पाहिलं. तिने याचा उल्लेख कधीही कोणाकडे केलेला नाही, आणि मीही पहिल्यांदाच करतोय.

बाटल्या भरताना नोर्बेर्तोने मला एकट्याला हात लावू दिला नाही. झाकणं त्याने लावली. प्रत्येक बाटलीवर तारीख त्याने लिहिली. आणि शेवटच्या शनिवारी, रजिस्टर ऑफिसच्या पायऱ्यांवर, आकाशी रंगाच्या पोशाखातल्या सासूबाई त्याच्या हाताला धरून वर चढल्या. त्याने नवा टाय लावला होता. वर दारात उबाल्दो उभे होते. नोर्बेर्तोने आईचा हात त्यांच्या हातात दिला, आणि एक क्षण सोडला नाही. मग सोडला.

क्लबात बाटल्या उघडल्या. रंग स्वच्छ सोनेरी, फेस दोन बोटं, केळ्याचा मागमूस नाही. सासूबाईंनी ग्लास उचलला, एक घोट घेतला, आणि सगळं टेबल माझ्याकडे पाहू लागलं. "अन्सेल्मो," त्या म्हणाल्या, "ही बिअर आहे." सांता फेमध्ये याहून मोठी पदवी नाही.

मी उठून दोन शब्द बोलणार होतो. आठवडाभर तयार करत होतो ते. पण नोर्बेर्तो माझ्या आधी उठला. "आम्ही ही बिअर अठरा अंशांवर केली," तो म्हणाला, आणि मग त्याने पंचवीस मिनिटं भाषण दिलं. यीस्टचा स्वभाव, हवेतला सेन्सर आणि पिंपाला लावलेला सेन्सर यांतला फरक, बर्फाच्या बाटल्या, वीज गेलेले आठ तास. वही खिशातून काढून त्याने दोन आकडे वाचूनही दाखवले. दोन अतिल्यो मान डोलवत होते. मला पाहुण्यांनी "तुम्हीही मदत केलीत म्हणे" असं विचारलं. दोघांनी विचारलं. एकाने तर "फ्रिज उचलायला ना?" असंही विचारलं. मी हो म्हणालो. दुपारी चारपर्यंत एकही बाटली उरली नव्हती, आणि संध्याकाळी उबाल्दो आणि सासूबाई गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी निघाले. त्यांची गाडी वळेपर्यंत नोर्बेर्तो फुटपाथवर उभा होता.

रविवारी सकाळी आठ वाजता फोन वाजला. रोसाना उचलणार, तेवढ्यात मी उचलला.

"अठरा," नोर्बेर्तो म्हणाला.

"काय अठरा?"

"फ्रिज. पिंपं रिकामी आहेत, धुऊन ठेवली. कंट्रोलर अजून चालूच आहे. अठरावर आहे." मागे घर फार शांत वाटत होतं. "बंद करू का?"

मी कपाट उघडून माल्टची पिशवी बाहेर काढली. रोसाना दारात उभी होती. बेकरीतून सकाळीच आणलेल्या पावांचा पुडा तिने माझ्या हातात दिला आणि फोनमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "त्याला सांग, पाणी गरम करायला ठेव. मातेचं."

"बंद करू नकोस," मी म्हणालो. "येतोय."

"लवकर या," तो म्हणाला. "सतरा पॉइंट नऊ झालंय."